परवानगी तळ्यापर्यंतची

मयूरीला लहानपणापासून दमा. वाईत वाढली, पण पांडवगड तिनं कधी चढला नाही. शाळेची सहल निघाली की मास्तर तिला पायथ्याशी पोरांच्या पिशव्या राखायला बसवायचे. ही मुलगी पुढं लोकांना हिमालयात पाठवायचं काम करील, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर तिच्या माहेरचे हसले असते.

झालं मात्र तसंच. अनीशशी लग्न होऊन ती सांगलीला आली, तेव्हा तो मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहीत होता. शनिवार उजाडला की त्याचं पेढीवरचं लक्ष उडायचं. पाठीवर सॅक टाकून तो जो जायचा तो रविवारी संध्याकाळी अंगभर पिवळी माती आणि काटे घेऊन परत यायचा. माणसं त्याच्यामागं आपोआप जात. त्याचं बोलणंच तसं होतं. समोरच्याला वाटायचं, आपल्यालाही जमेल. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यानं पेढी सोडली आणि 'उंचवाट' नावाची संस्था काढली. सासरे गंगाधरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उभी नोकरी कोयनानगरला काढलेली. ते काही बोलले नाहीत. सासूबाई सुहासिनी आठवडाभर जेवताना गप्प असायच्या.

अनीशला डोंगर कळायचा, कागद कळायचा नाही. पहिल्याच हिमालयाच्या मोहिमेला दोघांचे डॉक्टरी दाखले अपुरे म्हणून वाटेतल्या चौकीवर सगळ्या गटाला थांबवून ठेवलं होतं. तो घरी आला तो तोंड उतरलेलं घेऊन. तेव्हापासून कागदांचं सगळं मयूरीनं हातात घेतलं. ती जात्याच नेटकी. कुठल्या भागाला वनखात्याची परवानगी लागते, कुठं सरहद्द जवळ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांची वेगळी लागते, कुठं नोंदणी केलेला स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, कुठली खिंड कुठल्या तारखेला बंद होते, हे तिला तोंडपाठ झालं. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय नेता येत नाही, हे ती प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगायची, कारण कुणीतरी हटकून विचारायचंच. स्वतः कधी बर्फ पाहिला नव्हता. पण बर्फाकडं जाणारा प्रत्येक दरवाजा कुणाच्या सहीनं उघडतो हे तिला माहीत होतं.

आणि ती कडक होती. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता आणलेला दाखला तिला वाचताच कळायचा. फलटणजवळच्या एका वाडीतली शिवांजली नावाची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. तिनं गावातल्या डॉक्टरचा दाखला आणला, त्यावर रक्तदाबाचा आकडासुद्धा नव्हता. मयूरीनं तिला परत पाठवलं. पोरगी फलटणला जाऊन, रीतसर तपासून, पुन्हा आली. रागावली नाही. जाताना म्हणाली, "ताई, तुम्ही असल्यावर घरचे सोडतात बघा."

त्या वर्षी मोहीम होती कुनरीतालची. उत्तराखंडात उंचावर एक तळं आहे, तिथपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं, हे बरेच गट करत. पण अनीशच्या डोक्यात तळं नव्हतं. तळ्याच्या वरून एक खिंड पलीकडच्या खोऱ्यात उतरते. तीन वर्षं तो तिच्याबद्दल बोलत होता. त्या बोलीवरच या वेळचे लोक आले होते. विट्याचे एक शिक्षक, मिरजेचा धैर्यशील नावाचा तरुण इंजिनिअर, शिवांजली, आणखी चौघं. अनीश धरून आठ जण.

मयूरीनं खिंडीचा अर्ज वेळेत केला होता. जिल्ह्याच्या कचेरीत तो पडून राहिला. ऑक्टोबर उजाडला आणि उत्तर आलं ते नकाराचं. हवामानाचा अंदाज बरा नाही, यंदा खिंड लवकर बंद केली आहे, तळ्यापर्यंतची परवानगी हवी असल्यास मिळेल.

अनीश बराच वेळ गॅलरीत उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "तळ्याचीच काढ. तिथं गेल्यावर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू गं. वर कोण बसलंय तपासायला?"

तिनं तळ्याची परवानगी काढली. निघायच्या आदल्या दिवशी सामान भरताना त्यानं सॅकमध्ये लांब दोर घातला आणि बर्फावर चालताना बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते घातले. तळ्यापर्यंत जायला या दोन्हींची गरज नव्हती. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं वाकून सॅकची चेन स्वतःच्या हातानं ओढली.

असं का केलं, हा प्रश्न तिला पुढं सगळ्यांनी विचारला, आणि तिनंही स्वतःला विचारला. तिला एवढंच सांगता यायचं की, त्या दिवशी त्याचा चेहरा पडलेला होता. इतकी वर्षं ती नियमांच्या बाजूनं उभी राहिली होती आणि तो नेहमी समोरच्या बाजूला. एकदा तरी आपण त्याच्या बाजूनं उभं राहावं, असं तिला वाटलं होतं.

गट मिरजेहून रेल्वेनं गेला. शेवटच्या गावापर्यंत फोटो येत राहिले. खेचरं, चहा, हसणारी माणसं. मग रेंज गेली. ती जाणारच होती. पण चार दिवसांनी टीव्हीवर बातमी आली. वरच्या भागात अवेळी मोठा बर्फ पडला होता, दोन जिल्ह्यांत रस्ते बंद होते. ज्या दिवशी गटानं चौकीवर उतरून नोंद करायची होती, तो दिवस उलटला. नोंद झाली नाही.

फोन आला तो तिकडच्या आपत्ती विभागातल्या एका अधिकाऱ्याचा. प्रत्येकाच्या अर्जावर आणीबाणीचा पहिला नंबर मयूरीचाच होता. माणूस सौजन्यानं बोलत होता. किती जण, वाटाड्या कोण, खाण्याचं सामान किती दिवसांचं, हे त्यानं हिंदीत विचारलं आणि शेवटी विचारलं की गट तळ्याच्या पुढं जाणार होता का.

सासू-सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मयूरी म्हणाली, "परवानगी तळ्यापर्यंतचीच आहे."

वाक्य खरं होतं. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर गंगाधररावांनी तिला विचारलं की तो शेवटचा प्रश्न काय होता, आणि तिचा आवाज असा का झाला. तिनं सगळं सांगितलं. दोर सांगितला, दाते सांगितले. सुहासिनीबाई खाली बसल्या.

गंगाधरराव वाईट माणूस नव्हते. कोयनेत भूकंपाचे धक्के बसत असताना धरणावरच्या खोलीत थांबलेला माणूस. पण सरकारी खात्यात जन्म गेल्यामुळं एकदा लिहिलं गेलेलं पुसता येत नाही, ही भीती त्यांच्या हाडात होती. त्यांनी तिला समजावलं की अनीश काही कच्चा नाही. खिंड ओलांडून तो पलीकडं उतरला असेल. तिकडचे रस्ते बंद असतील, म्हणून फोन नाही. उद्या-परवा येईल. आत्ता तोंडातून शब्द गेला आणि उद्या तो हसत उभा राहिला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल, संस्था बुडेल, आणि ते तिच्याच हातानं झालेलं असेल. मागच्या वर्षी कुठल्याशा गटाचा म्होरक्या असाच तुरुंगात गेला होता, त्याची बातमी त्यांनी वाचली होती.

"एक दिवस थांब," ते म्हणाले. "माझं ऐक."

तिनं ऐकलं. सासऱ्यांच्या धाकानं ऐकलं असं नाही. ते म्हणत होते ते खरं व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शोधपथक तळ्यावर पोचलं. तिथं तंबू नव्हते, माणसं नव्हती, सगळा बर्फ. अधिकाऱ्यानं फोन करून सांगितलं की गट तळ्यावरून उतरताना वाट चुकला असावा, आता खालच्या जंगलात माणसं आणि कुत्री सोडली आहेत. वाटाड्या घरी सापडत नव्हता. मयूरीला समजत होतं की ती माणसं, ती कुत्री, तो सगळा शोध डोंगराच्या भलत्याच अंगाला चालला आहे. ती "हो" म्हणाली. "हो, बरं" म्हणाली. फोन ठेवून न्हाणीघरात गेली, दम्याचा पंप तोंडात धरला आणि दोनदा दाबला तरी छाती मोकळी होईना. बाहेर नातेवाइकांचे फोन वाजत होते. प्रत्येकाला ती तेच सांगत होती की शोध चालू आहे. तेही खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं घरी यायला लागली. विट्याच्या शिक्षकांचे भाऊ आले, मोठ्यानं बोलले, पोलिसात जाऊ म्हणाले. मिरजेहून धैर्यशीलची आई अंजनाबाई आल्या. त्या विधवा, शाळेत शिपाई होत्या, एकुलता एक मुलगा. त्यांनी मयूरीनं दिलेला चहा घेतला आणि देवघरासमोर जाऊन बसल्या. आणि फलटणहून पहिली एसटी धरून शिवांजलीचे वडील आले, धनाजी. फौजेत हवालदार होते, आता ऊस करत. पांढरा सदरा, ओठावर जाड मिशी, हातात कापडी पिशवी. त्यांनी पायताण दाराबाहेर जोडून ठेवलं, आत आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले.

घरात सगळ्यांचा आवाज चढला होता. धनाजी तेवढे शांत होते. मयूरीला ती शांतता सोसेना. ती पाणी द्यायला गेली तेव्हा ते उठून उभे राहिले. एवढा वयानं मोठा माणूस आपल्यासाठी उठला, याचंच तिला कसंतरी झालं.

"बसा काका."

"न्हाई, ऱ्हावू द्या. ताई, एक सांगू का? मी तिला सोडणार न्हवतो. मी बर्फात काढलीत वर्सं, मला ठावं हाय त्यो काय असतुया. पर ती म्हनली, आप्पा, तितली ताई लय कडक हाय. माजा दाखलाच परत लावला तिनं. तवा मी म्हनलं, मग जा. असं मानूस हाय तर जा. शिवांजलीच्या आईला बी मी ह्येच सांगून आलोय. म्हनलं, रडू नगंस. कागद चोख हायत, शोध बरूबर जाग्याव चाललाय."

मयूरीनं हातातला तांब्या जमिनीवर ठेवला. आपण काय करणार आहोत ते तिला कळायच्या आधी ती बोलून गेली होती.

"शोध बरोबर जागी नाही चाललेला, काका."

खोलीतले आवाज एकेक करून बंद झाले. तिनं सांगितलं. गट खिंडीनं पलीकडं गेला असणार. परवानगी नव्हती. तिला माहीत होतं. विचारलं तेव्हा तिनं सांगितलं नाही.

"कवापास्नं ठावं हाय तुमास्नी?"

"पहिल्यापासून."

विट्याचे भाऊ अंगावर धावून आले. धनाजींनी मध्ये हात घातला. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. चालताना पायाखालची पायरी नसावी तसं. ते म्हणाले, "लावा फोन. माज्यासमोर लावा."

गंगाधरराव पुढं झाले. "थांबा जरा," ते म्हणाले. "आपण विचार करून..."

"आवं, थांबायचं कशापायी? तुमचा पोरगा बी तितंच हाय न्हवं?"

गंगाधरराव मागं सरले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मयूरीनं फोन लावला. अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं. "ये आपको पहले दिन बताना था," एवढंच तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग त्यानं कामाचं सांगितलं. पलीकडचं खोरं दुसऱ्या जिल्ह्यात, वर सरहद्दीजवळ. तिकडच्या पोलिसांना, सरहद्दीवरच्या चौकीला कळवावं लागेल. हेलिकॉप्टरला हवा मोकळी लागेल. आजचा दिवस गेला, उद्या सकाळी बघू.

माणसं पांगली. अंजनाबाईंना त्यांचा भाऊ येऊन घेऊन गेला. जाताना त्यांनी मयूरीकडं पाहिलंच नाही. धनाजी गेले नाहीत. ते पुढच्या ओट्यावर बसून राहिले. जेवण पुढं केलं तर नको म्हणाले. मयूरी आत बसली, ते बाहेर बसले. दोघांची वाट एकाच फोनची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत फोन आला. खिंडीच्या पलीकडं, मेंढपाळांनी उन्हाळ्यात राहायला बांधलेल्या दगडी खोपटात माणसं सापडली होती. अधिकारी नावं वाचत होता, जिवंत असलेल्यांची. शिवांजलीचं नाव दुसरं होतं. मयूरी पुढची नावं ऐकत राहिली. पाच झाली. मग तो थांबला. पुढं त्याला काय सांगायचं आहे हे तिला त्याच्या थांबण्यातच समजलं.

तिनं फोन कानावरून खाली घेतला आणि ओट्यावर आली. "काका, शिवांजली आहे."

धनाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी वर पाहिलं.

"आन् अनीशसर?"

तिनं नकारार्थी मान हलवली. ते तसेच उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढं झाले, आणि मध्येच थांबून त्यांनी हात मागं घेतला. पिशवी उचलून ते एसटी स्टँडकडं निघून गेले.

अनीश आणि विट्याचे शिक्षक खिंडीच्या माथ्याखालीच सापडले. धैर्यशील खोपटात सापडला. तिकडच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की त्याचा मृत्यू फार तर एक दिवसापूर्वीचा. म्हणजे मयूरीच्या घरी माणसं जमली होती, अंजनाबाई देवघरासमोर बसल्या होत्या, तेव्हा तो श्वास घेत होता. हे गणित मांडायला कागद लागत नव्हता. सगळ्यांनी ते मनातल्या मनात मांडलं.

अनीशला सांगलीला आणलं. कृष्णेच्या काठावर गंगाधररावांनी अग्नी दिला. पुराच्या वेळी नदी घरात शिरली होती तेव्हाही न खचलेला माणूस त्या दिवशी दोघांच्या आधारानं चालत घरी आला. मयूरीशी ते पुढंही बोलत राहिले, कामापुरतं. सुहासिनीबाईंनी मात्र एकदाच बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, "तो गेला ते देवाच्या मर्जीनं गेला. पण तू बोललीस, म्हणून तो मेल्यावरही गुन्हेगार ठरला." मिरजेत आणि विट्यात तिला शिव्या पडत होत्या त्या न बोलल्याबद्दल. घरात मिळाली ती बोलल्याबद्दल. दोन्ही तिनं घेतल्या, कारण दोन्ही तिच्याच होत्या.

तिकडचे पोलीस जबाब घ्यायला आले. गुन्हा मेलेल्या अनीशवर होता आणि अर्जावर सही करणारी म्हणून तिच्यावर. वकिलानं बजावलं होतं की गटाचा बेत तिला माहीत नव्हता असं सांगायचं, कुणी सिद्ध करू शकणार नाही. तिनं सांगितलं की बेत तिला माहीत होता. वकिलानं काम सोडलं.

शिवांजलीला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर मयूरी फलटणजवळच्या त्या वाडीत गेली. तिला घरात घेतील की नाही याची खात्री नव्हती. धनाजींनी दार उघडलं, आत या म्हणाले आणि स्वतः उसाकडं निघून गेले. शिवांजली खाटेवर बसली होती. दोन्ही पायांची बोटं कापलेली, पट्ट्यांचे मोठे गोळे. भरतीचा विषय संपला होता. ती शेजारच्या पोरांचा अभ्यास घेत होती. मयूरीला बघून तिनं पोरांना घालवलं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग शिवांजलीनंच काढलं. तळ्यावर पोचल्यावर वाटाड्यानं पुढं यायला साफ नकार दिला होता, परवानगी नाही, माझा परवाना जाईल म्हणाला आणि खेचरं घेऊन उतरला. मग भीतीनं त्यानंही कुणाला सांगितलं नाही. तेव्हा गटात चलबिचल झाली. विट्याचे सर म्हणाले होते, परत फिरू या.

"मग?" मयूरीनं विचारलं.

शिवांजलीनं पांघरुणाची कड बोटांत धरली. "मग अनीशसर म्हणाले, परवानगी आली आहे. मयूरीनं काढलीय, खालच्या गावात फोन आला होता तिचा. वाटाड्याला माहीत नाही." ती मयूरीकडं बघत नव्हती. "तुमचं नाव घेतल्यावर सगळे गप झाले, ताई. मीच सगळ्यांत आधी सॅक उचलली."

बाहेर गोठ्यात म्हैस हंबरत होती. मयूरीला श्वास घेता येत नव्हता. तिनं पिशवीत पंप शोधला, तो सापडेना, आणि ती तशीच खाटेच्या कडेला धरून बसली. शिवांजलीनं पुढं झुकून तिच्या पाठीवर हात फिरवला. आणि फिरवता फिरवताच तिनं उरलेलं सांगितलं. वादळ सुटल्यावर अनीशसरांनी सगळ्यांना खोपटापर्यंत पोचवलं, विट्याचे सर मागं राहिले म्हणून एकटे परत वर गेले, ते आलेच नाहीत. स्वतःचे हातमोजे जाताना त्यांनी तिला दिले होते. धैर्यशील शेवटपर्यंत तिच्या मांडीवर डोकं ठेवून होता आणि आईला काय सांगायचं ते सांगत होता.

"तुम्ही म्हणाल तर मी जबाबात हे लिहून देते," शिवांजली म्हणाली. "सर खोटं बोलले म्हणून. तुमच्यावरचं जरा कमी होईल."

मयूरीनं नको म्हटलं. परतताना एसटीत खिडकीशी बसून ती रडली, पण कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं. नवरा गेला म्हणून, की नवऱ्यानं तिचं नाव असं वापरलं म्हणून, की ते नाव वापरण्याजोगं त्याला वाटलं होतं म्हणून. सांगलीत उतरल्यावर तिनं तोंड धुतलं आणि घरी गेली. अनीश खोटं बोलला होता, हे तिनं सासू-सासऱ्यांना कधी सांगितलं नाही.

अंजनाबाईंच्या दारात ती दोनदा जाऊन परत आली होती. दार उघडलं नव्हतं. उन्हाळ्यात ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा उघडलं. मिरजेतली जुनी चाळ, जिना अरुंद. अंजनाबाईंनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, स्वतः चौकट धरून उभ्या राहिल्या. धैर्यशीलचा निरोप शिवांजलीकडून त्यांना आधीच मिळाला होता. त्यांना मयूरीकडून वेगळंच हवं होतं.

"त्या खोपटात मला जायचंय," त्या म्हणाल्या. "तिकडं जायला परवानगी लागते म्हणे. तुम्हाला सगळं माहीत असतं. काढून द्या."

मयूरीला क्षणभर हायसं वाटलं. काहीतरी मागितलं होतं त्यांनी. आठवडाभर ती त्याच्या मागं लागली, जुन्या ओळखी काढल्या, जिल्ह्याच्या कचेरीत फोन केले. खिंडीच्या बाजूला जायला डॉक्टरी दाखला लागणार होता, तो सुटण्यासारखा नव्हता. ती अंजनाबाईंना घेऊन डॉक्टरकडं गेली. त्यांचा रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख सगळं पाहून डॉक्टर म्हणाले की एवढ्या उंचीवर पाठवणं म्हणजे मारायला पाठवणं.

परत चाळीत आल्यावर जिन्यातच अंजनाबाई थांबल्या. "मग खोटा दाखला आणा," त्या म्हणाल्या. "मिळतो की."

मयूरीला तो कुठं मिळतो हे माहीत होतं. कुठल्या डॉक्टरच्या सहीवर चौकीवरचे लोक दुसऱ्यांदा बघत नाहीत, हेही माहीत होतं. समोर उभी असलेली बाई ते मागायला कुणाहीपेक्षा जास्त हक्काची होती.

"नाही आणणार," ती म्हणाली.

अंजनाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं, त्या सगळ्या काळात पहिल्यांदा. "आता कडक झालात तुम्ही," त्या म्हणाल्या. एकेक पायरी धरून वर गेल्या आणि दार लावून घेतलं. मयूरी जिन्यात बसली. खालून वर येणाऱ्या पोरांनी तिच्या अंगावरून वाट काढली.

नंतर तिनं पुन्हा चौकशी केली. पलीकडच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावापर्यंत गाडी जाते, तिथवर डॉक्टरी दाखला लागत नाही; सरहद्दीजवळचा भाग म्हणून नुसत्या ओळखपत्रावर मिळणारी परवानगी लागते. हवा स्वच्छ असली तर त्या गावातून खिंड दिसते, खोपट दिसत नाही, असं तिकडच्या एका दुकानदारानं तिला फोनवर सांगितलं. तिनं दोघींच्या नावानं अर्ज केला. जाण्याचं कारण लिहायच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना, म्हणून तिनं जे होतं तेच लिहिलं. परवानगी आली. सप्टेंबरच्या गाडीची दोन तिकिटं काढून तिनं एक अंजनाबाईंच्या दाराच्या फटीतून आत सरकवलं.

तिकीट परत आलेलं नाही. अंजनाबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. तिकडच्या विरळ हवेत छाती टिकावी म्हणून मयूरी रोज सकाळी पंप बरोबर घेऊन कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढते-उतरते. आयर्विन पुलाकडून येणारी माणसं तिला ओळखतात, काही बोलतात, काही मान वळवतात.